नाव राष्ट्रपतींचे, सही कोणाची?

आमच्याकडे भिलाईत घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. परवा भाचा हिंदी पेपर वाचता वाचता मध्येच थांबला. "मामा, अमेरिकेच्या राष्ट्रपतींनी एका सहीने पोलादावरचा कर पन्नास टक्के केला. आपल्या राष्ट्रपती तसं का नाही करत?"

पोराचे काहीच चुकलेले नाही. हिंदी पेपरात ट्रम्पही 'राष्ट्रपति' आणि द्रौपदी मुर्मूही 'राष्ट्रपति'. एकच शब्द, म्हणून एकच काम, असे त्याला वाटले. मराठी पेपर इथे फार नेटका वागतो. तो ट्रम्पना अध्यक्ष किंवा राष्ट्राध्यक्ष म्हणतो, मुर्मूंना राष्ट्रपती म्हणतो. दोन वेगळ्या खुर्च्या, दोन वेगळे शब्द. मी भाच्याला एवढेच सांगितले आणि तो गप्प बसला. मला मात्र रात्रभर ते पुरले.

कारण हा गोंधळ पोराटोरांपुरता नाही. भिलाईच्या पॉवर हाऊस भागातल्या चहाच्या टपरीवर, ट्रेनमध्ये, लग्नाच्या पंगतीत चांगली शिकलेली माणसे तावातावाने बोलतात की राष्ट्रपतींनी चीनला खडसवायला हवे होते, राष्ट्रपतींनी अमुक करार मोडायला हवा होता. आणि त्याच पंगतीतला दुसरा म्हणतो, राष्ट्रपती म्हणजे रबरी शिक्का, सोडा तो विषय. दोघेही चुकतात. पहिल्याला घटना ठाऊक नाही. दुसऱ्याला शिक्क्याची किंमत ठाऊक नाही.

शब्दाचेच आधी बघू. स्वातंत्र्याआधी 'राष्ट्रपती' म्हणत ते काँग्रेसच्या अध्यक्षांना. नोव्हेंबर १९३७ मध्ये 'मॉडर्न रिव्ह्यू'त 'राष्ट्रपती' याच नावाचा लेख आला, लेखकाचे नाव 'चाणक्य'. जवाहरलाल नेहरूंच्या हाती जास्त सत्ता देऊ नका, हा माणूस हुकूमशहा होऊ शकतो, असा इशारा त्यात होता. लिहिणारे खुद्द नेहरू होते. एका माणसाच्या हाती देश गेला तर काय होईल, ही धास्ती स्वातंत्र्याआधीपासून या शब्दाला चिकटलेली आहे.

घटना समितीत के. टी. शहांनी अमेरिकी धर्तीचा राष्ट्रपती मागून पाहिला. तो मान्य झाला नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मसुदा मांडताना सगळे साफ सांगून टाकले होते. आपल्या राष्ट्रपतीचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे आहे, तो राज्याचा प्रमुख आहे, कारभाराचा नाही, तो राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतो पण राज्य करत नाही, आणि राष्ट्राचे निर्णय ज्या मोहरेने जाहीर होतात ती मोहर म्हणजे तो. या आशयाचे ते बोलले. शिक्का हा शब्द ज्यांना हिणवायला वापरायचा आहे त्यांनी ते भाषण काढून वाचावे. बाबासाहेबांनी तो हिणवून वापरलेला नव्हता.

ही मोहर प्रत्यक्षात कशी चालते, ते आता भिलाईत पाहू.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा भिलाई दुर्ग जिल्ह्यातले एक खेडे होते. आणि दुर्ग ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी होती नागपूर. गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग ही रेल्वेवरची ओळ आमच्या विदर्भातल्या माणसाला परदेशची कधीच वाटली नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली आणि नागपूर तिकडे, आम्ही इकडे. कारखाना मात्र ठरला तिथेच उभा राहिला. दहा लाख टन पोलादाचा. कर्ज अडीच टक्के व्याजाने, फेड बारा वार्षिक हप्त्यांत, आणि तीही रुपयांत. त्या काळात परकीय चलनाची जी ओढाताण होती ती पाहता हा सौदा देशाच्या फार फायद्याचा होता. तो ठरवला नेहरूंच्या मंत्रिमंडळाने. भारत सरकारचा म्हणून जो कारभार झाला तो राष्ट्रपतींच्या नावाने झाला, कारण घटनेचे ७७वे कलम तसेच सांगते. केंद्र सरकारची प्रत्येक कृती राष्ट्रपतींच्या नावे.

मग ४ फेब्रुवारी १९५९ उजाडला. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद भिलाईला आले आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. झोतभट्टी हा पुस्तकी शब्द, इथे सगळे ब्लास्ट फर्नेसच म्हणतात. ज्याने टॅपिंग जवळून पाहिले आहे तो ते विसरत नाही. टॅप होल फोडतात, ठिणग्यांचे झाड उठते, आणि पिवळट पांढरा लोखंडाचा रस वाळूच्या नाल्यांतून धावत खाली लॅडलमध्ये पडतो. चेहऱ्याची कातडी तडतडते. रस निघून गेला की मडगन पुढे येते आणि त्या भोकात मातीचा गोळा ठासून ते बंद करते. चार पिढ्यांची चूल त्या रसावर पेटली आहे.

पण माझे लक्ष आहे ते आदल्या दिवसावर. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी हेच राजेंद्रप्रसाद राउरकेल्यात होते. तिथली पहिली झोतभट्टी त्यांच्याच हस्ते सुरू झाली. राउरकेला पश्चिम जर्मनीच्या मदतीने उभा राहिला, भिलाई सोव्हिएत संघाच्या. शीतयुद्ध ऐन भरात होते, बर्लिन धुमसत होते, जर्मन आणि रशियन एकमेकांकडे बंदुका रोखून बसले होते. आणि आपला एक म्हातारा, गांधी टोपीतला माणूस मंगळवारी जर्मनांच्या भट्टीपुढे उभा राहिला आणि बुधवारी रशियनांच्या. दोघांनीही त्याला आपले मानले. वर्षअखेरीस ब्रिटिश मदतीच्या दुर्गापूरलाही तेच गेले. अलिप्ततावाद म्हणजे काय, हे शाळेत मला तीन पाने पाठ करून कळले नाही. या दोन तारखा शेजारी ठेवल्या तेव्हा कळले.

हीच राष्ट्रपतींची परराष्ट्र धोरणातली भूमिका. धोरण पंतप्रधानांचे. पण ते धोरण कोणा पक्षाचे नाही, देशाचे आहे, हे सांगायला जो चेहरा लागतो तो राष्ट्रपतींचा. नेहरू दोन्हीकडे गेले असते तर ते राजकारण ठरले असते. राजेंद्रप्रसाद गेले, तो भारत गेला.

राजेंद्रबाबूंना स्वतःला मात्र हे एवढे सोपे वाटत नव्हते, हेही लिहिले पाहिजे. २८ नोव्हेंबर १९६० रोजी इंडियन लॉ इन्स्टिट्यूटच्या इमारतीच्या कोनशिला समारंभात त्यांनी भर सभेत प्रश्न टाकला की राष्ट्रपतीचे अधिकार खरोखर इंग्लंडच्या राजाइतकेच आहेत का, याचा अभ्यास व्हावा. राजेंद्रबाबूंबद्दल मला नितांत आदर आहे, पण इथे ते चुकले असे मला वाटते. थेट लोकांनी न निवडलेल्या माणसाने लोकांनी निवडलेल्या सरकारवर कुरघोडी करण्याचा रस्ता उघडायला नको. पुढे १९७४ मध्ये शमशेरसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालतात असा निकाल दिला, १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक केला, आणि वाद मिटला. १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने एक खिडकी ठेवली. राष्ट्रपती सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात.

सोव्हिएत बाजूचे पाहा. फेब्रुवारी १९६० मध्ये ख्रुश्चॉव्ह भिलाईला आले. जगाला हादरवणारा हा माणूस त्या वेळी त्यांच्या देशाचा राष्ट्राध्यक्ष नव्हता. तो पक्षाचा प्रथम सचिव आणि पंतप्रधान होता. राष्ट्राध्यक्षाची खुर्ची तेव्हा वोरोशिलॉव्हकडे होती, त्याच वर्षी ती ब्रेझनेव्हकडे गेली. ती खुर्ची होती शोभेचीच. तरी डिसेंबर १९६१ मध्ये काय झाले? गोव्यात आपले सैन्य शिरले त्या दिवसांत ब्रेझनेव्ह भारत दौऱ्यावर होते. पाश्चात्य राष्ट्रे आपल्याला धारेवर धरत असताना या शोभेच्या राष्ट्राध्यक्षाने भाषणांतून भारताची बाजू उचलून धरली. १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला, १९ला गोवा मोकळा झाला. गोव्यातल्या, सिंधुदुर्गातल्या मराठी माणसाने हे विसरू नये. निर्णय मॉस्कोत झाला होता. पण इथल्या भूमीवर उभे राहून तो बोलायला एक माणूस लागला, आणि तो राष्ट्राध्यक्षच होता.

भिलाईत आजही मैत्री बाग आहे, १९७२ सालची, भारत-सोव्हिएत मैत्रीच्या नावाने. रविवारी पोरे पांढरे वाघ बघायला जातात. ज्या देशाशी मैत्री केली तो १९९१ च्या डिसेंबरात नकाशावरून गेला. नाव राहिले.

आता एक कागद दाखवतो. सेलच्या, म्हणजे स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाच्या, भागधारकांची यादी कोणीही पाहू शकतो. भिलाई कारखाना सेलचा. त्या यादीत सर्वांत मोठा भागधारक कोण? तिथे 'भारत सरकार' असे लिहिलेले नसते. 'भारताचे राष्ट्रपती' असे लिहिलेले असते. हिस्सा ६५ टक्के. म्हणजे बोरिया गेटमधून पहिल्या शिफ्टला आत जाणारा माझा शेजारी कागदोपत्री राष्ट्रपतींच्या मालकीच्या कंपनीत काम करतो. जानेवारी २०२१ पर्यंत हा हिस्सा ७५ टक्के होता. त्या महिन्यात दहा टक्के बाजारात विकला गेला. विकले राष्ट्रपतींच्या नावाचे शेअर, ठरवले मंत्रिमंडळाने. कामगारांच्या मनातला प्रश्न दिल्लीत कोणाला विचारायचा, तर तो राष्ट्रपती भवनाला नव्हे, अर्थमंत्रालयाला. पत्ता चुकला की अर्ज वाया जातो.

दुसरा कागद अनेकांच्या कपाटात आहे. पासपोर्ट उघडा, पहिल्या पानाआधी, आवरणाच्या आतल्या बाजूला पाहा. भारत गणराज्याच्या राष्ट्रपतींच्या नावाने जगातल्या सर्व संबंधितांना विनंती केलेली आहे की या माणसाला विनाअडथळा जाऊ द्यावे आणि लागेल ती मदत व संरक्षण द्यावे. सिंहांच्या मुद्रेखाली. आमच्या सेक्टरमधली किती पोरे आज परदेशांत आहेत! विमानतळावरच्या खिडकीत त्यांच्या खिशात तेवढे एक वाक्य असते. त्या वाक्यामागे नाव कोणाचे असावे? निवडणुकीत पडणाऱ्या-जिंकणाऱ्या नेत्याचे नको. तिथे राष्ट्रपतीच हवेत.

तिकडे अमेरिकेत काय चालते, भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यायलाच हवे. मार्च २०१८ मध्ये ट्रम्प यांनी आयात पोलादावर २५ टक्के कर बसवला, जून २०२५ मध्ये ५० टक्के केला. दोन्ही वेळा सहीने. पण हा अधिकार त्यांच्या घटनेने अध्यक्षाला दिलेला नाही. कर बसवण्याचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा आहे. काँग्रेसने १९६२ च्या व्यापार कायद्यात राष्ट्रीय सुरक्षेचे कारण दाखवून आयात रोखण्याची मुभा अध्यक्षाला दिली, आणि एकदा दिलेली मुभा परत घेणे किती अवघड असते ते जग पाहते आहे. करारांचे उलटे आहे. तिथे अध्यक्षाने केलेल्या तहाला सिनेटचे दोन तृतीयांश मत लागते. विल्सन यांनी व्हर्सायचा तह स्वतः पॅरिसला जाऊन केला आणि स्वतःच्याच सिनेटने तो फेटाळला. म्हणजे ज्याला आपण सर्वशक्तिमान म्हणतो त्यालाही दाराशी थांबवणारे कोणी आहे.

आपल्याकडे? इथे माझा खरा मुद्दा आहे. राष्ट्रपतींना परराष्ट्र धोरण ठरवण्याचा अधिकार नाही, हे उत्तम आहे. अण्वस्त्रांचा निर्णयसुद्धा पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या राजकीय परिषदेकडे आहे, हेही ठीक. पण राष्ट्रपतींच्या नावाने जे करार परदेशांशी होतात, त्यांना संसदेची मंजुरी घ्यावीच लागेल असे आपल्या घटनेत कुठेही नाही. करारासाठी देशातला कायदा बदलायचा असेल तर संसदेकडे जावे लागते, २५३वे कलम त्यासाठी आहे. कायदा बदलायचा नसेल तर सरकार सही करून मोकळे.

जमीन द्यायची असेल तर मात्र नाही, आणि हे कळले तेही राष्ट्रपतींमुळे. १९५८ मध्ये नेहरू आणि पाकिस्तानचे फिरोजखान नून यांनी बेरुबारी या जलपायगुडीतल्या भागाचा अर्धा हिस्सा पाकिस्तानला द्यायचे ठरवले. बंगाल पेटला. १९५९ मध्ये, ज्या साली भिलाईची भट्टी पेटली त्याच साली, राष्ट्रपतींच्या नावाने १४३व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयाचे मत मागवले गेले. मार्च १९६० मध्ये न्यायालयाने सांगितले, देशाची भूमी परक्याला द्यायची तर घटनादुरुस्ती करावी लागेल. नुसत्या सहीने चालणार नाही. ही मागणीसुद्धा मंत्रिमंडळाच्याच सल्ल्याने गेली, पण गेली, म्हणून दार लागले. मोहर अशी उपयोगी पडते.

बाकी दारे उघडीच राहिली. १५ एप्रिल १९९४ रोजी माराकेशमध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर भारतातर्फे सही केली ती तेव्हाच्या वाणिज्यमंत्र्यांनी, प्रणव मुखर्जींनी. शेती, औषधे, पेटंट, सगळ्यांच्या जगण्यात शिरणारा करार. यवतमाळपासून राजनांदगावपर्यंत शेतकऱ्यांच्या सभांतून या कराराच्या मसुद्याचे डंकेल हे नाव घरोघरी पोहोचले होते. तरी संसदेची आगाऊ मंजुरी घटनेने बंधनकारक नव्हती. अठरा वर्षांनी, २०१२ मध्ये, तेच मुखर्जी राष्ट्रपती झाले. मंत्री असताना त्यांच्या हातात लेखणी होती, राष्ट्रपती झाल्यावर नाव उरले. खुर्ची बदलली की काय बदलते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

राष्ट्रपतींच्या हातात मग काय आहे? माहिती मागणे आहे. ७८वे कलम पंतप्रधानांवर कर्तव्यच घालते. मार्च १९८७ मध्ये राष्ट्रपती ग्यानी झैलसिंगांनी पंतप्रधान राजीव गांधींना पत्र लिहिले की परदेश दौऱ्यांची माहितीसुद्धा आपल्याला दिली जात नाही. ते पत्र पेपरात फुटले तेव्हा देशाला कळले की घटनेतले कर्तव्य न पाळले तर विचारणारे दुसरे कोणी नाही. झैलसिंगांच्या राजकारणाबद्दल कोणाचे काहीही मत असो, तो प्रश्न रास्त होता.

बोलणे आहे. मार्च २००० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन आले. भारतीय उपखंड जगातली सर्वांत धोकादायक जागा आहे, असे ते येण्याआधी बोलून गेले होते. राष्ट्रपती भवनातल्या मेजवानीत तेव्हाचे राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी त्यांच्या तोंडावर सांगितले की असली भीतिदायक वर्णने हिंसा करू पाहणाऱ्यांनाच बळ देतात. चीनमध्ये आणि अमेरिकेत राजदूत राहिलेला हा माणूस, शब्द मोजून वापरणारा. त्या रात्री कोणताही करार बदलला नाही. पण यजमानाने पाहुण्याला आदबीने खरे सांगितले, आणि ते सांगायला तीच खुर्ची लागत होती.

आणि परत पाठवणे आहे. ऑक्टोबर १९९७ मध्ये नारायणन यांनी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याचा सल्ला फेरविचारासाठी परत पाठवला आणि गुजराल सरकारने तो सोडून दिला. फेरविचाराची ही तरतूद राज्य सरकारांपुरती लिहिलेली नाही. परदेशाशी करायच्या कराराबाबतचा सल्लाही तिच्यात बसतो.

आपल्या प्रतिभाताई पाटलांबद्दलही दोन शब्द, कारण मराठी माणूस राष्ट्रपती झाला तो एकदाच. जळगावच्या प्रतिभाताई २००७ ते २०१२ राष्ट्रपती होत्या. २०१२ च्या मार्चमध्ये माहिती अधिकारातून बाहेर आले की बारा परदेश दौऱ्यांत बावीस देश झाले आणि खर्च २०५ कोटी. महाराष्ट्रातही त्यावर कडवट लिहिले गेले. हिशेब मागणे बरोबरच. पण राष्ट्रपतींचे परदेश दौरे सरकारच्या संमतीने ठरतात, विमान, शिष्टमंडळ, भाषण, सगळे. २००९ च्या सप्टेंबरात त्या रशियाला गेल्या, ते त्यांच्या हौसेखातर नव्हे. या दौऱ्यांतून देशाला काय मिळाले, हे त्या काळच्या सरकारला विचारायला हवे होते. सगळे दगड एका बाईंवर पडले. हे मला तेव्हाही खटकले होते, आजही खटकते.

भाच्याला मी दुसऱ्या दिवशी सांगितले ते असे. आपल्या राष्ट्रपती कर बसवत नाहीत, कारण त्या बसवू लागल्या तर त्यांना कोण उतरवणार? सरकार बसवते, सरकारला आपण उतरवतो. त्याने विचारले, "आणि करार? ते कोण बघतं?"

तेच तर, बाबा. घटनेच्या सातव्या परिशिष्टात संघसूचीची १४वी नोंद आहे. परदेशांशी करार कसे करायचे याचा कायदा करण्याचा अधिकार संसदेला तिथे दिलेला आहे. २००२ मध्ये घटनेच्या आढाव्यासाठी नेमलेल्या न्या. वेंकटचलय्या आयोगानेही असा कायदा करा म्हणून शिफारस केली. दुर्गचा असो, नागपूरचा असो की जळगावचा, पुढच्या वेळी खासदार दारात आला की त्याला रस्त्याबद्दल, नाल्याबद्दल जरूर विचारा, आणि या १४व्या नोंदीबद्दलही विचारा. १९५० पासून आजवर तो कायदा झालेला नाही.